जरीचा धागा उसवला तो मासा लागूनच

मे महिन्यात तीर्थन खोऱ्यातून परत आलेली डबी अजून माझ्या टेबलावर आहे. चोवीस फ्लाय, म्हणजे पिसं-दोरा बांधून किड्यासारखे केलेले मासेमारीचे गळ, पाठवल्या होत्या, सतरा परत आल्या. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी : ‘ताई, जर उसवली.’ जर म्हणजे फ्लायवर गुंडाळलेला जरीचा धागा.

नाशिकला ट्राउट मासा नाही, आपल्या गोदावरीचं पाणी त्याला गरम पडतं. फ्लाय बांधायच्या इथे, जातात हिमाचल-काश्मीरला. ही मागणी चमकदार निम्फची होती. निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय, पण ही कुठल्याच एका अळीची नक्कल नव्हे. बर्फ वितळून पाणी गढूळलं की माशाच्या नजरेत भरावी, एवढंच तिचं काम.

१४ नंबरचा जिग हुक, म्हणजे डोळ्यापाशी वाकवलेला गळ, त्यावर २.८ मिमीचा टंगस्टन मणी. हुकाचं टोक मण्याच्या लहान भोकातून आधी घालायचं. मण्यांच्या बाबतीत ऑनलाइन विक्रेते सर्रास फसवतात, पितळ टंगस्टन म्हणून खपवतात. म्हणून मी शंभर मणी सराफ बाजारातल्या काट्यावर तोलून घेते. त्याच मापाचे पितळी मणी निम्मेही भरत नाहीत. मण्यामागे ०.४ मिमी शिशाच्या तारेचे पाच वेढे, मण्यात घट्ट रेटलेले. शेपटीला कोंबड्याच्या ठिपकेदार पिसाचे पाच-सहा तंतू, हुकाच्या दांडीच्या लांबीइतके.

मग अंग. मोतिया टिन्सेल, म्हणजे चमकदार पातळ पट्टी, पारदर्शक असते, तिचा रंग खालच्या दोऱ्यावर ठरतो. काळ्यावर हिरवट-निळी झाक येते, पांढऱ्यावर ती फिकी पडते, लालवर गुलाबी पेटते. मी लाल घेतला. दोऱ्याला पीळ असेल तर प्रत्येक वेढ्याचा उंचवटा टिन्सेलवर उमटतो, म्हणून आधी बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं साधन) उलटं फिरवून पीळ काढायचा, दोरा पट्टीसारखा चपटा बसला पाहिजे. टिन्सेलवर उलट्या दिशेने बारीक तांब्याच्या तारेचे पाच वेढे, मण्यामागे नारिंगी दोऱ्याची कॉलर, आणि गाठ.

या खेपेला बारा फ्लायना तांब्याऐवजी येवल्याच्या मागावरची उरलेली जर घातली. तार एकसंध रेघ दिसते, जर मात्र तुटक-तुटक चमकते, वळली की नवी ठिणगी. पण जर म्हणजे तार नव्हे. आत रेशमाचा गाभा, त्यावर चपट्या धातूची पट्टी गुंडाळलेली. माशाचा दात पट्टीला लागला की ती तुटते आणि स्प्रिंगसारखी सुटत जाते. भिंगाखाली नेमकं हेच दिसलं : सुटलेली सोनेरी पट्टी उभी, खाली पिवळा गाभा पिंजलेला. कामावरचा मुलगा म्हणाला होता, वरून रेझिन द्या. झळाळी दबेल म्हणून मी दिलं नाही. बरोबर तोच होता.

तरीही डबी मी बाजूला ठेवू शकत नाही. जरीच्या आठ परत आल्या, त्यांतल्या सहांवर दातांचे ओरखडे. तांब्याच्या नऊ आल्या, ओरखडे फक्त दोनांवर. मग जरीची फ्लाय माशाला जास्त ओढते का?

फोन करून विचारलं तेव्हा कळलं, एकाच दोरीवर दोन फ्लाय होत्या. जरीची खाली टोकाला, तांब्याची तिच्या हातभर वर. वेगाच्या प्रवाहात ट्राउट तळाशी, दगडाच्या आडोशाला थांबतो, तिथे ओढ कमी लागते. म्हणजे खालच्या फ्लायला मासा लागणं साहजिकच. गिऱ्हाइकाने फ्लायची जागा एकदाही बदलली नाही. गळ टाकणाऱ्यांचं हेच मला सलतं : मासा लागला की फ्लायचं नाव घेतात, खोली कुणी सांगत नाही.

आता सहा जरीच्या, सहा तांब्याच्या बांधल्यात. वजन तेच, दोरा तोच. बाराही फ्लायवर यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या पारदर्शक लेपाचा, पातळ थर, यूव्ही टॉर्चखाली फिरवत वाळवलेला. रेझिनची बाटली खिडकीपासून लांब ठेवली, ऊन लागलं तर आतच घट्ट होते. गिऱ्हाइकाला सांगितलंय, दर तासाला वरची खाली, खालची वर करा, आणि मासा लागला की कोणती फ्लाय कुठे होती ते लगेच डबीच्या झाकणावर लिहा. झाकणाला पेन्सिल बांधून दिली आहे.