तुम्ही विचारलंत म्हणून : दारूचा थेंब नाही, मग लिव्हरवर चरबी कशी?

“गळ्यात माळ आहे ओ मॅडम. दारू सोडा, अंड्यालासुद्धा शिवत नाही. मग लिव्हरला चरबी कुठनं आली?”

खानापूरकडचे शेतकरी असोत, वडगाव-खासबागचे विणकर असोत की टिळकवाडीतले निवृत्त मास्तर, सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून पहिला प्रश्न हाच विचारतात. रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ (चरबी थोडी) नाहीतर ‘ग्रेड टू’ (मध्यम) लिहिलेलं असतं. लिव्हर बिघडलं म्हटलं की आपल्या गल्लीत लोक दारूचाच संशय घेतात, त्यामुळे माणूस आधीच अर्धा झालेला असतो. एका आजींनी तर हा रिपोर्ट सुनेपासून लपवून ठेवला होता. मी बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ओपीडीत एकेकाला पाच-दहा मिनिटंच मिळतात, म्हणून याचं उत्तर इथे सविस्तर देते.

लिव्हरच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. रिपोर्ट आला की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती तेलातुपावर. फोडणी बंद, पोळीवरचं तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. चहा मात्र पूर्वीसारखाच चालू राहतो. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. आपल्या भागातल्या बहुतेक लिव्हरांना फोडणीच्या चमचाभर तेलापेक्षा साखर, पांढरा भात आणि बसून राहणं जास्त जड जातंय.

यामागचं कारण नीट समजून घ्या. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज असतो आणि निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली कुठलीही पेशी वापरते. फ्रुक्टोजचा निकाल मात्र मुख्यतः लिव्हरलाच लावावा लागतो आणि जास्त झालं की लिव्हर त्याचीच चरबी करतं. २००५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये ही चरबी नेमकी कुठून येते याचा माग काढला. रुग्ण मोजकेच होते, पण काम फार बारकाईने केलेलं होतं. लिव्हरमधली सुमारे ५९ टक्के चरबी अंगातल्या, म्हणजे पोटाभोवतीच्या वगैरे साठ्यातून रक्तावाटे आलेली निघाली. सुमारे २६ टक्के लिव्हरनेच साखर-पिठापासून नव्याने बनवलेली होती. ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली चरबी होती १५ टक्के. मी हे आकडे सांगते तेव्हा तूप सोडलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता आपल्याकडची साखर मोजू. कामावर जाणारा माणूस दिवसाला पाच चहा सहज घेतो. घरी दोन, कामावर दोन, संध्याकाळी कोणी भेटलं की एक. प्रत्येकात दोन चमचे धरले तर दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. चहानेच ही मर्यादा ओलांडली. त्यावर बिस्किटं, लग्नातला कुंदा, पाहुण्यांनी गोकाकहून आणलेलं करदंट. करदंटात डिंक आणि सुकामेवा असतो म्हणून ते पौष्टिक समजून रोज सकाळी एक तुकडा खाणारे मला भेटतात. सुकामेवा खराच, पण तो गुळाच्या पाकात बांधलेला असतो.

गुळाबद्दल तर वाद ठरलेलाच. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग हा सगळा उसाचा पट्टा. गूळ आमच्या शेतात होतो, केमिकल नाही, मग त्यानं काय होणार, असं लोक मनापासून विचारतात. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण त्याचा बहुतेक भाग तीच उसाची साखर आहे आणि लिव्हर त्यात गुऱ्हाळ आणि कारखाना असा फरक करत नाही. काकवीचंही तेच. गाळपाच्या दिवसांत रस्त्याकडेला उसाच्या रसाचा एक मोठा ग्लास घेतला तर ३० ग्रॅमच्या वर साखर काही घोटांत पोटात जाते. ऊस चावून खाल्ला तर तेवढी साखर पोटात जायला वेळ लागतो, दातही दमतात, माणूस आपोआप थांबतो. ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांना मी सांगते, मन झालं तर कांडं सोला आणि चावा.

भाताचं दुखणं वेगळं. खानापूर तालुका आणि बेळगावच्या दक्षिणेची येळ्ळूर, अनगोळची शिवारं ही भाताची भूमी. घरचा सुवासिक तांदूळ असला की हात आवरत नाही, हे मी माहेरीही पाहिलंय. भात वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण चिखलणी आणि रोप लावणी करणाऱ्या माणसाचं भाताचं ताट आता दुकानात बसणारा त्याचा मुलगा खातो, तेही रात्री साडेनऊला, आणि जेवून लगेच आडवा होतो. ज्वारीलाही हेच लागू. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते असं लोकांना वाटतं. चालत नाही. दोन भाकऱ्यांनी भूक भागत असेल तर चौथी भाकरी लिव्हरच्या खात्यात जमा होते.

एकादशीचा विषय मी जपून काढते, कारण समोरच्याच्या श्रद्धेला धक्का लावायचा नसतो. उपवास जरूर करा. पण त्या दिवशी वाडगंभर साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, दुपारी रताळ्याच्या गोड फोडी आणि गोड चहा असं झालं तर रोजच्यापेक्षा जास्त स्टार्च पोटात जातं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी ताक, थोडे भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ असा उपवास केला तर माळेलाही बाध नाही आणि पोटालाही.

“पण मी जाड कुठं आहे ओ?” हा पुढचा प्रश्न. दक्षिण आशियाई माणसाच्या बाबतीत वजनकाटा फसवा असतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी आपली ठेवण. त्याच वजनाच्या युरोपियन माणसापेक्षा आपल्या पोटात, आतड्यांभोवती चरबी जास्त असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ झाला की जास्त वजन धरतात. घरी शिवणकामाची टेप असेल तर कंबर मोजा. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर पॅंटचा नंबर काहीही असो, लिव्हरकडे लक्ष द्यायला हवं. पाळी गेल्यानंतर बायकांचंही पोट सुटायला लागतं. या वयाच्या बायका नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन येतात, स्वतःची तपासणी मात्र कधी करत नाहीत. मी त्यांची कंबर तिथल्या तिथे मोजून घेते.

मग तेल मोकळं सोडायचं का? तसंही नाही. २०१४ साली स्वीडनमध्ये सडपातळ तरुणांना सात आठवडे रोज जादा मफिन खायला दिले. काहींच्या मफिनमध्ये पामतेल होतं, काहींच्या सूर्यफुलाचं तेल. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, पण पामतेलवाल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त साठली. आपल्याकडे फरसाण, बेकरीची खारी, गाड्यावरची मिरची भजी यांत पामतेल आणि वनस्पती तूप सर्रास असतं. घरच्या जेवणातलं चमचाभर तूप बंद करून संध्याकाळी गिरमिट-भजीची प्लेट घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

काय खायचं हे सांगताना मी बाहेरचं काही आणत नाही. ओट्स आणि क्विनोआ मागायची आपल्याला गरज नाही. एक-दोन भाकऱ्या ज्वारीच्या किंवा नाचणीच्या. मटकी, हरभरा, हुलगे यांपैकी काहीतरी वाटी भरून रोज, कारण शाकाहारी ताटात प्रथिनं नेमकी इथेच कमी पडतात. हुलग्याचं माडगं पावसाळ्यात रात्रीच्या जेवणाला पुरतं. अंबाडीची, मेथीची, चाकवताची भाजी. गुरेळची किंवा जवसाची चटणी, घरचं ताक. भात हवाच असेल तर दुपारी, एक वाटी, आमटी आणि भाजी त्याच्यापेक्षा जास्त. खाणाऱ्यांनी मासे आणि अंडी जरूर घ्यावीत. चहा दोनवर आणायचा आणि साखर आठवड्याला अर्धा चमचा अशी कमी करायची, जीभ महिन्याभरात सरावते. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर घ्या. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर आतून व्रण साठून कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत आढळलंय. कॉफीमुळेच तसं होतं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण कॉफीला घाबरण्याचं कारण नाही.

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आपल्याकडे शेंगा चटणीशिवाय जेवण होत नाही आणि पावसाळ्यात पोत्यातल्या शेंगांना ओल लागते. बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते लिव्हरच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे. नुसतं भाजून ते पूर्ण जात नाही. काळपट, हिरवट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून बाजूला काढले की आई ते चटणीत घालू म्हणते. घालू नका, जनावरालाही टाकू नका. ज्यांना हेपटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू, आहे त्यांच्यासाठी हे विष आणखी घातक ठरतं.

आता कावीळ. हा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण आहाराच्या नावाखाली सर्वांत जास्त नुकसान मी इथे पाहिलंय. पोराला कावीळ झाली की तेल, डाळ, दूध सगळं बंद. पंधरा-पंधरा दिवस नुसता भात आणि उसाचा रस. हात चुन्याच्या पाण्यात बुडवून कावीळ ‘उतरवून’ आणतात, गळ्यात माळ घालतात. दूषित पाण्यातून येणारी हेपटायटिस ए किंवा ई बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला जातं आणि पोर मात्र हाडांचा सापळा होऊन उठतं. लिव्हरला स्वतःची डागडुजी करायला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. वरण, दूध, दही, अंडं, साधी फोडणी, पचेल तेवढं सगळं द्या. मळमळ सकाळी कमी असते, तेव्हा जास्त खायला द्या आणि दिवसभर थोडं थोडं. रस्त्यावरचा रस तर नकोच. त्यातला बर्फ आणि पाणी कुठलं याचा भरवसा नसतो आणि आजार मुळात पाण्यातूनच आलेला असतो. रुग्ण गुंगायला लागला, बरळायला लागला, हिरड्यांतून रक्त आलं तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. गरोदर बाईला कावीळ दिसली तर पहिल्याच दिवशी. हेपटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेतते.

‘लिव्हर साफ करणारे’ काढे, पावडरी यांबद्दल थोडक्यात. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेऊन लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी असं समजू नका. जे काही घेताय ते डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. मी तर घरातली बाटलीच घेऊन यायला सांगते.

गोळीचं म्हणाल तर २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या आजारावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. तीही लिव्हर बऱ्यापैकी कडक झालेल्या रुग्णांसाठी, आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेच. ग्रेड वनच्या माणसाला जे औषध लागतं ते त्याच्याच हातात आहे. वजन पाच टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते. दहाच्या वर गेलं तर कडकपणासुद्धा कमी झाल्याचं बऱ्याच जणांत दिसतं. ऐंशी किलोच्या माणसाने चार किलोंपासून सुरुवात करावी, सहा महिन्यांचा अवधी धरून. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवू नका, त्याने लिव्हरची सूज उलट वाढू शकते. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चाला. रविवारी पोरांना घेऊन राजहंसगड चढलात तर फारच छान.

ज्यांचं दुखणं सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर व्रणांनी पार कडक आणि गाठाळ होण्यापर्यंत, गेलंय त्यांनी वरचं वजन उतरवण्याचं प्रकरण मनाने करायचं नाही. त्यांचा आहार वेगळा. सिरॉसिसमध्ये एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासाइतका अंगातले स्नायू खातो. म्हणून झोपण्याआधी काहीतरी पोटात जायलाच हवं, दूध-पोळी असो की मूठभर फुटाणे. पूर्वी डाळी बंद करायला सांगत, आता किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात. पोटात पाणी झालं असेल तर मीठ मात्र कडक आवरायचं; लोणचं आणि पापड पहिल्यांदा जातात.

शेवटी सगळे विचारतात, “सोनोग्राफी परत कधी करायची?” घाई नको. थोडी चरबी असली तर सोनोग्राफीत ती दिसतही नाही, त्यामुळे नुसत्या ग्रेडच्या मागे लागू नका. एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट आणि वय या चारांवरून डॉक्टर फिब-४ नावाचा आकडा काढतात. पासष्टीच्या आतल्या माणसाचा तो १.३ च्या खाली असेल तर लिव्हर फार कडक झालेलं नसण्याचीच शक्यता मोठी. वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल एकदा तपासा. मग सहा महिन्यांनी या आणि येताना कंबरेचं माप लिहून आणा.