साहेबांची ओळ

दुपारी जेवून जरा आडवा होतोय तोच पुतण्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'जेवलो. बरा आहे.' आमच्या निपाणी-चिकोडी भागात घरटी एखादा तरी फौजी सापडतो, त्यामुळे एवढ्यावर भागवायची सवय असते. मला मात्र आज्जी आठवली.

१९७१ साली काका पूर्वेच्या सीमेवर होता. '९९ ए.पी.ओ.' असा लष्करी टपालाचा पत्ता लिहिलेलं निळं आंतरदेशीय आलं की वाचायचं काम माझं. शिरसाष्टांग नमस्कार, तंबाखूचा खुडा झाला का, म्हैस व्याली का... आज्जी हे सगळं हातानंच पुढं ढकलायची. "सायबाचं काय लिवलंय?" ती ओळ अगदी शेवटी, चिकटवायच्या पट्टीपाशी दाटीवाटीनं बसलेली असायची. 'मोठे साहेब आलते. खंदकात आमच्यासंगं चहा प्याले.' आज्जी चुलीकडं वळायची. "येतंय माझं प्वार." झालं, लढाईचा निकाल लागला.

एकदा तिथं नुसतं 'साहेब बदलले' एवढंच होतं. नवा कसा, ते नाही. पत्र फोडून वाचणारे असतात हे काकाला ठाऊक, आज्जीलाही. त्या दिवशी तिनं ताटातली भाकरी मोडलीच नाही.

मोठ्यांची पत्रं निराळी. त्याच डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला वेढा घालून आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली आणि वर टोमणा, की लेखणी झकास चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन दिसू दे. वेढा घालणाऱ्यांत मराठ्यांची पहिली, म्हणजे जंगी पलटण होती. काका त्याच पलटणीत. किस्सा मलाही आवडतो, चारचौघांत रंगवून सांगतो. पण काकाच्या पत्रांत त्या गोळीचा पत्ता नाही. चहा मात्र आहे.

त्याआधी, पहिल्या महायुद्धात, इराकातल्या कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १४७ दिवस मराठ्यांच्याही पलटणी अडकल्या होत्या. शिपाई उपाशी, आणि त्यांचा इंग्रज जनरल टाउनशेंड बिनतारी संदेशांतून स्वतःची बढती मागत होता. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. जनरलचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांच्या परवानगीनं सुखरूप परत गेला, साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, आणि शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं. हजारो मेले. आज्जीला या साहेबाची एक ओळ वाचून दाखवली असती, तर तिनं तेव्हाच चूल विझवली असती.

असो. मी पुतण्याला टाइप केलं, 'साहेब कसे आहेत रे? मागं म्हणालास, तुमच्यात बसून जेवतात ते?'

दोन निळ्या टिका आल्या. तासाभरानं उत्तर.

'ते बदलले काका.'

मी फोन उलटा घालून ठेवला.