नव्ह-शापेल: जाण्याआधी नाव शोधून ठेवा

माझे काका खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, निवृत्त झालेत. फ्रान्सला निघालोय म्हटल्यावर त्यांनी पॅरिसचं काहीच विचारलं नाही. "नव्ह-शापेलला जा. आपल्या लोकांची नावं आहेत तिथं भिंतीवर. फोटो काढून आण," एवढंच म्हणाले. नव्ह-शापेल हे उत्तर फ्रान्समधलं छोटं गाव; पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक तिथे आहे.

लीलहून बेत्यूनकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ला बासेला उतरलो. रविवार होता आणि तीच चूक झाली. बस नाही, टॅक्सी नाही, बेकरीसुद्धा बंद. पाच-सहा किलोमीटर चालत गेलो. रस्त्याला फूटपाथ नाही आणि गाड्या सुसाट. तुम्ही शनिवारी जा, किंवा बेत्यूनहून सायकलने. चढ औषधालाही नाही. पाणी आणि खाणं सोबत घ्या, स्मारकापाशी काही मिळत नाही.

हा सपाटपणाच सैनिकांना भोवला. थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून खंदक खोल जाईनात. मातीच्या पोत्यांचे बांध घालून त्यांच्याआड बसावं लागे. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या जर्मनांच्या ताब्यातल्या या गावात घुसल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं घरोघरी लढायला लावलं. गाव हाती आलं, पण टिकलं नाही. माणसं मात्र भरमसाट गेली. मग १० मार्च १९१५ ला ३५ मिनिटं तोफा धडधडल्या आणि गाव पुन्हा घेतलं. त्याच दिवशी पडलेल्या गढवाल रायफल्सच्या गब्बर सिंग नेगींना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. आजचं गाव म्हणजे युद्धानंतर नव्याने उभारलेली विटांची घरं.

स्मारक गावाबाहेर, ला बाँब नावाच्या चौकात आहे. हर्बर्ट बेकरने आराखडा केला, १९२७ मध्ये उद्घाटन झालं. सुमारे १५ मीटरचा स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ, पुढे सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारी दगडी जाळी. आत गोलाकार भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. हे ते लोक, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा कुणालाच ठाऊक नाही. स्तंभावर देवनागरी अक्षरं दिसली आणि मी उगाचच इकडेतिकडे पाहिलं, कुणाला तरी दाखवावीत म्हणून. कोणीच नव्हतं.

नावं पलटणीनुसार, मग हुद्द्यानुसार, आणि सगळी इंग्रजी लिपीत. बऱ्याच ठिकाणी आडनावच नाही. सॅपर्सची पाटी सापडायला अर्धा तास गेला. खालच्या ओळी वाचायला उकिडवं बसावं लागतं. अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरलेलं. म्हणून सांगतो, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आधी नाव शोधा आणि पाटीचा क्रमांक लिहून घ्या. स्पेलिंग इंग्रजी कानाने केलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.

चौकापलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरी. वीस मिनिटं तिथेही काढा.

संध्याकाळी काकांना फोटो पाठवले. त्यांनी मोठे करकरून पाहिले असावेत, कारण फोन तासाभराने आला. "गाव कुठलं लिहिलंय रे यांचं?"

भिंतीवर गाव नसतं. बापाचं नाव, गाव, तालुका असलंच तर कमिशनच्या नोंदींत असतं, आणि त्या मी उघडल्याच नव्हत्या.