गोरज मुहूर्त, वळीव आणि ऑर्डरचा कागद

मिरजेबाहेरचं लॉन, मेचा पहिला आठवडा, गोरज मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांचा. ऑर्डर पाचशे ताटांची: जिलेबी-मठ्ठा, मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, कांदाभजी, कोशिंबीर, वरण-भात. त्यातलीच साठ पानं विहिणीच्या पंगतीची, बसून. मंडप, सजावट, लाइट आणि जेवण आमच्याकडे. बँड, फोटो आणि भटजी यजमानांचे. हे शेवटचं वाक्यसुद्धा ऑर्डरच्या कागदावर लिहिलेलं असतं, कारण लग्नघरात ‘सगळं तुमच्याकडंच आहे की’ असं कुणीही, केव्हाही म्हणतं.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. सांगली-मिरजेकडं मेमध्ये वळवाचं नवल नाही, पण तो नेमका कुठं पडेल हे कुणी सांगू शकत नाही. बुधगावला धो धो आणि मिरजेला धूळ, असंही होतं. म्हणून घरची माणसं शेवटपर्यंत ‘बघू, बघू’ करत राहतात आणि लॉनवरची लग्नं इथंच फसतात.

आमच्या कागदावर एक रकाना आहे: निर्णय कुणाचा? तिथं एकच नाव आणि एकच मोबाइल नंबर लागतो. वधूचे वडील आणि मामा ही दोन नावं आम्ही लिहून घेत नाही. वडील पाटावर बसलेले असतात आणि मामाला नवरीला बोहल्यावर आणायचं असतं. म्हणजे नेमकं विचारायची वेळ येते तेव्हा दोघंही हाताशी नसतात. ज्याच्या शब्दाला घरात मान आहे, पण विधीत ज्याचं काही काम नाही, असा माणूस हवा. इथं धाकटे काका होते. पावसाचा निर्णय मुहूर्ताच्या अडीच तास आधी, हेही लिहिलेलं. बोहलं, साउंड आणि खुर्च्या हलवायला दीड तास जातो; वर तासभर हातात असलेला बरा.

“जरा थांबून बघूया की,” काका म्हणाले.

“बघायला हरकत नाही काका, पण पाऊस साडेपाचला आला तर मुहूर्त हातचा जाईल. हॉल रिकामा आहे, लॉनवाल्यांशी त्याच्या भाड्याचं आधीच ठरलंय.”

“तुमच्या कागदात आहे ते?”

“आहे. सही तुमचीच आहे.”

सव्वाचारला हलवायला सुरुवात झाली.

सगळ्यात आधी उतरवायचा तो स्टेजमागचा पडदा. चोवीस बाय बाराची फुलांची चौकट आणि तिला मागून फ्लेक्स. वारा सुटला की ती गलबताच्या शिडासारखी भरते आणि पाइपासकट पुढं येते. फुलांची नासाडी होईल म्हणून सजावटवाले ती शेवटी काढायला बघतात. फुलं गेली तर पैसे जातात. पाइप पहिल्या रांगेवर पडला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर मंडपाचं छत. कापडी छताला झोळ येतो आणि झोळात पाणी साचतं. दहा बाय दहाच्या एका चौकात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचलं तरी वजन साडेचारशे किलोच्या वर जातं. खालून बांबूनं ढोसून पाणी सांडायचं ते झोळ हाताएवढा असताना; पोटाएवढा झाल्यावर ढोसलं की कापड फाटतं आणि पाणी एकाच जागी कोसळतं. आमची मंडपाची पोरं छताची एक बाजू आधीच ढिली सोडून उतार करून ठेवतात. दिसायला वाईट दिसतं, पण पाणी थांबत नाही.

पाच वाजता पाऊस आला. टपोरे थेंब, मग गारा, मग गावातली लाइट गेली.

जनरेटर ६२.५ केव्हीएचा होता. कागदोपत्री ५० किलोवॅट निघतात, आम्ही ३५ च्या वर भार टाकत नाही. कूलर आणि मिक्सर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढतात, ती जागा मोकळी लागते. दाट मुहूर्ताच्या दिवशी मशीन मिळण्यातच मारामार असते. एकाच मशिनीचा इसार दोघांकडून घेणारेही आहेत. म्हणून मशीन दुपारी बाराला जागेवर उभं दिसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या नावाला फोन. जनरेटर, मुख्य आचारी, भांडी घासणाऱ्या बायका, पाण्याचा टँकर: या चौघांना आमच्याकडं नेहमी दुसरं नाव असतं आणि त्यालाही थोडा इसार दिलेला असतो. तो बहुतेक वेळा वाया जातो. धंद्याचा खर्च म्हणूनच तो धरायचा.

जनरेटर सुरू झाला आणि पंधरा सेकंदांत मुख्य पेटी ट्रिप झाली. पुन्हा उचलली, पुन्हा ट्रिप. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, असतो. कुठून तरी तेवढी वीज ओल्या जमिनीत गळायला लागली की तो खाली पडतो. वायरमन म्हणाला, “डायरेक्ट करून देतो, मुहूर्त तर निघू दे.” ओल्या गवतात, लोखंडी खांबांमध्ये, चारशे माणसं फिरत असताना तो आरसीसीबी काढून टाकणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक असतं, घाईत माणूस बोलून जातो. करायचं ते एवढंच: सगळे एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे वेगळे स्विच, खाली, मुख्य स्विच वर, मग एकेक एमसीबी उचलत जायचं. हॉल ठीक. स्वयंपाकघर ठीक. साउंड ठीक. पार्किंग ठीक. स्वागत-गेटचा एमसीबी उचलला आणि सगळं बंद. गेटवरच्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर कार्पेटखाली गवतात पडलेला, त्याच्या २३० व्होल्टच्या जोडाला नुसती टेप, आणि कार्पेट पाणी पिऊन बसलेलं. बाकीचे सगळे जोड प्लास्टिकच्या क्रेटवर उचलून ठेवलेले होते. गेटची पट्टी नंतर वाढवलेली, म्हणून तेवढा जोड राहिला. गेटची वायर पेटीतूनच काढून टाकली. गेट अंधारात, बाकी सगळं सुरू. पाच-सात मिनिटांचं काम आहे हे, पण ते करायला पेटीतल्या प्रत्येक एमसीबीवर पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं असावं लागतं. नावं नसतील तर अंधारात तास जातो.

हॉल दीडशे माणसांचा. विधीची माणसं आणि वयस्कर मंडळी आत, बाकीचे व्हरांड्यात आणि पत्र्याच्या पार्किंगमध्ये. साउंडचे दोन स्पीकर बाहेर वळवले, नाहीतर बाहेरच्यांना ‘सावधान’ ऐकू येत नाही आणि अक्षता भलत्याच कडव्याला पडतात. होमकुंड आत पेटवायचं तर खाली पत्रा, पत्र्यावर दोन-तीन इंच वाळू, वरचे एक्झॉस्ट चालू आणि होमाच्या वेळेपुरते पंखे बंद. अंतरपाट वेळेवर दूर झाला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मुहूर्त गाठला की त्याचा कुणी विचार करत नाही.

खरी गंमत स्वयंपाकघरात होती. शंभर ताटांमागं आमचं माप ठरलेलं आहे: मसालेभाताला तांदूळ ९ किलो, तूरडाळ साडेतीन ते चार किलो, बटाटे १० किलो, जिलेबी १० किलो, मठ्ठा १५ लिटर, भज्यांना बेसन ३ किलो. हे माप मेच्या उकाड्याचं. गारांचा पाऊस पडून गेला की सगळं उलटं होतं. मठ्ठ्याकडं कुणी बघत नाही आणि भजी पुरत नाहीत. म्हणून मठ्ठा आम्ही एकदम फिरवून ठेवत नाही. दही बर्फात, मसाला वाटून वेगळा, आणि शंभर-शंभर ताटांपुरताच मठ्ठा घुसळायचा. एरवी हे आंबट होऊ नये म्हणून, पण त्या दिवशी पंचवीस-तीस लिटरचं दही तसंच वाचलं. भज्यांसाठी महाराजांनी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांनी, दुसरी कढई चढवली, बेसन दुपटीनं गेलं. जिलेबी दमट हवेत मऊ पडते, म्हणून आधी तळून रचून ठेवलेली विहिणीच्या पंगतीला आधी वाढून टाकली आणि काउंटरवर गरम जिलेबी पाकातून काढून थेट ताटात.

पावसामुळं पाहुणे कमी येणार हे साडेपाचलाच दिसत होतं. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या गाड्या वाटेतच थांबल्या होत्या. मसालेभाताचा दुसरा हंडा महाराजांनी चढवला नाही, पुरीची शेवटची कणीकही मळली नाही. आधी चढवलेलं रद्द करता येत नाही, पण न चढवलेलं थांबवता येतं. म्हणून पाचशे ताटांचा भात आम्ही एकाच दमात शिजवत नाही. पहिला हंडा साडेतीनशेचा, दुसऱ्याची तयारी करून ठेवायची. आधण तयार असेल तर दुसरा हंडा पाऊण तासात उतरतो.

ताटं मोजायची पद्धत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. पन्नास ताटांचा एक क्रेट. क्रेट रिकामा झाला की वहीत रेघ, आमच्या माणसाची आणि काकांनी नेमलेल्या पुतण्याची सही. घासून आलेलं ताट वेगळ्या क्रेटमध्ये, तो भरून वहीत चढल्याशिवाय काउंटरवर जात नाही. उष्टी ताटं मोजून आकडा काढणारे केटरर आहेत. त्यात भजी खायला घेतलेली जादा ताटंही येतात आणि रात्री भांडण होतं. आकडा ४१२ भरला, विहिणीच्या पंगतीसकट.

रात्री दहाच्या आत साउंड बंद केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. बँडवाले आणखी अर्धा तास मागत होते, पण बँड यजमानांचा, तिथं आमचं बोलणं नाही. वीज मात्र आमची होती. काउंटरवर न गेलेलं वरण आणि जिलेबी दहाच्या आतच जवळच्या वसतिगृहात पोचवली. वरण तोपर्यंत शेगडीवर वाफाळतं ठेवलेलं होतं. ६० अंशांच्या खाली निवून तासन् तास पडलेलं अन्न द्यायचं नसतं. काउंटरवर जे जाऊन आलं ते टाकून दिलं.

मग हिशोब. काकांचं म्हणणं: ४१२ ताटं झाली, पैसे ४१२ चे. आमचा कागद म्हणतो, अंतिम आकडा तीन दिवस आधी. तोपर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणता येतो, नंतर नाही. त्यांनी पाचशेच सांगितले होते. दर ताटाला ३२०. फरक ८८ ताटांचा, म्हणजे २८,१६० रुपये.

या आकड्याकडं नीट बघायला हवं. ३२० मध्ये सामान १६०, मजुरी ७०, गॅस-पाणी-वाहतूक-भांडी मिळून ४०. राहतात पन्नास. पाचशे ताटांवर मिळकत २५,००० ची, आणि वाद २८,१६० चा. एका ‘जाऊ दे’मध्ये सगळ्या जेवणाची मिळकत जाऊन वर तीन हजार खिशातून. नव्या माणसांचा धंदा दोन-तीन सिझनमध्ये बसतो तो बहुतेक असा, चव बिघडून नव्हे.

म्हणून पैशांचे टप्पे. तारीख धरताना २५ टक्के. पंधरा दिवस आधी ५०. याच पैशांतून किराणा येतो आणि महाराजांना इसार जातो, दुसऱ्याच्या लग्नाच्या पैशांतून नाही. मुहूर्ताच्या दिवशी दुपारी, भट्टी पेटायच्या आधी १५. उरलेले दहा जेवण झाल्यावर. मंडपासकट ऑर्डर तीन लाखांची होती, म्हणजे रात्री बाकी होते फक्त ३०,०००. वाद झाला तरी तो तेवढ्याच पैशांचा होतो आणि वाढपी पोरांची मजुरी त्यावर अडकत नाही. ती रात्रीच, रोख, भांडी मोजून झाल्यावर.

परवान्यांचं फार अवघड नाही. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी फुकट होते. कामगार मोजकेच असतील तर दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली नुसती सूचना पुरते. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, नंबर घ्यायचाच. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक, घरगुती लाल सिलिंडर भट्टीवर दिसताच कामा नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. जेवणावर ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही), आणि मंडप-सजावटीवर १८, म्हणून दोन्हींचे हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे. जड जातो तो चातुर्मास. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत गोडाउनचं भाडं आणि टेम्पोचा हप्ता चालूच असतो. त्यात अधिक महिना आला की विचारू नका: २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सिझनमधला महिना बसून. प्रत्येक ऑर्डरचे दहा टक्के दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्यावर जगायचं, याला दुसरा उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही.

काकांपुढं कागद आणि वही दोन्ही ठेवली. न शिजलेल्या सामानाचं वजन करून ते खरेदीच्या भावानं वजा करायचं, हेही कागदात आहे: तांदूळ १३ किलो, तेल, बटाटे, कणीक मिळून २,७९० रुपये. काकांनी वजनकाट्याजवळ उभं राहून बघितलं, मान हलवली. मग म्हणाले, “आणि ते गेट?” गेटचं भाडं ४,५०० लावलेलं होतं आणि ते सबंध संध्याकाळ अंधारात होतं. त्याचे पैसे मागायला तोंड नव्हतं, तेही कापले. राहिले २२,७१०, ते त्यांनी तिथंच मोबाइलवरून पाठवले आणि गारांनी टेम्पोची काच फुटली का, ते बघायला आमच्याबरोबर बाहेर आले.