नऊ फुटी गोधडी आणि सात इंचांची मशीन

आमचा पलंग सहा बाय साडेसहा फुटांचा. पांघरूण दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट खाली आलं नाही तर रात्रभर ओढाताण ठरलेली. त्यामुळे गोधडीची रुंदी नऊ फूट आणि लांबी साडेआठ फूट असं आधीच ठरवून टाकलं होतं. वरचा थर बाघ प्रिंटच्या चौकोनांचा. धार जिल्ह्यातलं बाघ आमच्या इंदूरहून काही फार लांब नाही, आणि घरात वर्षानुवर्षांच्या कुर्त्यांची उरलेली कापडं साठलेली. लाल-काळं नवं कापड पहिल्या धुण्यात रंग सोडतं, म्हणून सगळे तुकडे आधी धुऊन घेतले. चौकोन जोडण्यात मजाच मजा. पण वरचा थर, मधली कापसाची शीट आणि खालचं अस्तर एकत्र शिवायचं कसं, हा प्रश्न तसाच होता.

अस्तर मात्र अगदी सहज जमलं. आईचं एक जुनं सुती नऊवारी होतं. नऊ वार म्हणजे 27 फूट, त्याचे सारखे तीन तुकडे केले की प्रत्येकी नऊ फूट. धुऊन धुऊन थोडं आटलं होतं, तरी साडेआठ फुटांना पुरून उरलं. पन्हा 45 इंचांचा. तीन पन्हे जोडल्यावर रुंदीत इतकं कापड उरलं की गोटाच्या पट्ट्याही त्यातूनच निघाल्या. 

आता मशीन. घरच्या साध्या मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये जागा सहा-सात इंचांची. नऊ फुटी गोधडीची मधली ओळ घालायची तर साडेचार फूट गुंडाळी त्या जागेतून सरकवायची. ओळखीच्या टेलरला विचारलं. ते हसून म्हणाले, "दीदी, सिल तो दूँ, पर इसको पकड़ेगा कौन?" चेष्टेत म्हणाले, पण अडचण नेमकी तीच आहे. टेबलावरून लोंबणाऱ्या भागाचं वजन कापड मागे ओढतं आणि टाके बारीक बारीक होत एकाच जागी साचतात.

थंडीत रजई भरून देणारे तिच्यावर लांब सुईने डोरे, म्हणजे मोठे टाके, टाकतात, तोही एक मार्ग होता. पण त्यांचा हात सुट्या रुईवर बसलेला, आणि डोरे चांगले वीतभर अंतरावर. माझ्या कापसाच्या शीटला ते चाललं नसतं. कापसाची शीट तीन-चार इंचांवर टाक्यात धरावी लागते, नाहीतर धुतल्यावर ती आतल्या आत तुटून तिचे गोळे होतात. ठिकठिकाणी गाठी मारून सोडायची पद्धत याच कारणाने बाद. पॉलिस्टरच्या शीटला ती छान चालते, आणि घाई असेल तर तिच्यासारखी पद्धत नाही.

म्हणून आधी उरलेल्या कापडाचे उशीएवढे नमुने करून पाहिले. एकावर मशीन, एकावर हाताचा धावदोरा, एकावर दोन्ही. 16 नंबरची सुई आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका ठरला. साध्या पायाने वरचं कापड पुढे सरकत होतं. वरून-खालून सारखं ओढणारा वॉकिंग फूट लावला तेव्हा सुरकुती थांबली. वजनाचा प्रश्न मात्र नमुन्यावर सुटत नाही.

तो सुटला शीट कापल्यामुळे. पूर्ण शीटचे उभे तीन भाग केले. कापताना सरळ रेघ टाळून नागमोडी कापलं, म्हणजे पुढे जोडाची रेघ वरून हाताला लागत नाही. हॉलमध्ये अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीने फरशीला ताणून चिकटवलं. फरशीच्या रेघा सरळपणा बघायला आयत्या मिळाल्या. त्यावर फक्त मधला भाग, वर चौकोनांचा थर, आणि मधोमध कच्चे टाके. कडांना दोनच कापडं असल्याने गुंडाळी निम्म्याहून बारीक झाली आणि मशीनखालून सहज गेली. डावीकडे इस्त्रीचं टेबल मशीनच्या उंचीला लावून ठेवलं की लोंबणंही बंद. मधून बाहेर असं शिवत गेले आणि शीटच्या कडेआधी चार इंच थांबले. मग थर उलटून बाजूचे भाग मधल्याला भिडवले आणि कडेला कडा लावून सैल तिरक्या टाक्यांनी हाताने जोडले. हे टाके घट्ट ओढायचे नाहीत, नाहीतर तिथे वळकटी उठते.

बाजूंच्या शिवणीवरून आत्याशी वाद झाला. तिचं म्हणणं, "गोधडी काठापासून आत शिवत न्यायची असते, तू उलटं काय चालवलंयस?" तिच्या गोधड्यांत शीट नसते, जुन्या लुगड्यांचे मऊ थर असतात, आणि डावा तळवा पुढे सरकवत ती प्रत्येक टाक्याआधी कापड सपाट करते. काठ आधी बांधला की तिचे थर हलत नाहीत. माझ्या शीटला काठापासून सुरुवात केली असती तर सगळा फुगा मध्ये येऊन अडकला असता. शेवटी ती म्हणाली, "बरं, बाजू तरी मला दे."

मग बाजूंचे पट्टे दोघींनी हाताने घातले, तेही मधून काठाकडेच. ती दोरा मेणावरून ओढून घेते. त्याने तो पिळत नाही आणि गाठ पडत नाही. जमिनीवर बसून गोधडी मांडीवर घेतली की वजन आपोआप पेललं जातं. मशीनच्या ओळी टोकदार दिसतात, हाताच्या जरा मऊ. मला तो फरक आवडला. मुलाला अर्धवट वाटला.

गोट 35 फुटांचा, पुढून मशीनने, मागे तुरपाई. कोपरे आत्याने दुमडले, मी नुसती बघत होते.

पुढची मोठी गोधडी मात्र पट्ट्यापट्ट्यांनी करणार आहे: दोन-दोन फुटी पट्टे तिन्ही थरांसकट आधी पूर्ण शिवायचे आणि मग एकमेकांना जोडायचे. वरचा थर सबंध जोडून झाला की ही सोय हातातून जाते. आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "जोड मागे दिसतील." दिसतील, पण पट्टी लावून झाकता येतात.