दीड एकर वावर आणि मेसचं बिल

मे महिना, कोर्टाला उन्हाळी सुट्टी. रावेरच्या माझ्या ऑफिसात दुपारी सहसा कुणी फिरकत नाही. त्या दिवशी एक आजी आल्या. पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आल्या होत्या, पण त्याला त्यांनी बाहेर कडुलिंबाखालीच थांबवलं. खुर्चीत टेकल्यावर खताच्या पिशवीची घडी उलगडून एकेक कागद टेबलावर ठेवला: सातबारा, आठ-अ म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.

"बाई, मले हे वावर बहिणाबाईच्या नावाच्या विद्यापीठाले द्यायचं आहे. मी गेल्यावर. आता नाही."

22 वर्षं वकिली करतेय. मुलाला, जावयाला, देवळाला, गोशाळेला, अशी पुष्कळ मृत्युपत्रं लिहिली. विद्यापीठाला शेत द्यायला निघालेलं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं.

वावर 60 आर, म्हणजे दीड एकर. सातबाऱ्यावर फक्त त्यांचं नाव, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीची जमीन. मूलबाळ नाही. अशी बाई मृत्युपत्र न करता गेली, तर नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. इथे वारस म्हणजे बाहेर बसलेला पुतण्या, गेली 9 वर्षं ते वावर तोच कसत होता. म्हणून मी आधी कारण विचारलं.

त्यांच्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची, पोरगी जळगावला विद्यापीठात एम.एस्सी.ला होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची. दुसऱ्या वर्षी मेसचं बिल थकलं आणि ती सामान घेऊन घरी आली. मे-जूनच्या वादळात त्या साली केळी आडवी झाली होती, सालदाराच्या हातात काही नव्हतं. आजींनी पाटल्या मोडल्या आणि तिला परत पाठवलं. आज ती नाशिकला नोकरीला आहे. "जेवणाच्या पैशापायी पोरगी घरी बसत होती, बाई," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

आता खरी अडचण मला सांगायची होती. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहसा देता येत नाही. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 हे सांगतं, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, गुजरातच्या प्रकरणात पण याच कायद्यावर, स्पष्ट केलं की मृत्युपत्रानंही ती देता येणार नाही. विद्यापीठ काही सातबाऱ्यावरचं शेतकरी खातेदार नव्हे. आजींचं तोंड उतरलं. "म्हणजे माझं वावर त्याईले चालत नाही?"

वावर नाही चालत, वावराचा पैसा चालतो. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, नेमायचा, त्यानं जमीन शेतकऱ्याला विकायची आणि आलेली रक्कम विद्यापीठाला द्यायची. मी हे समजावत असताना त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मग आधी माझ्या पुतण्याले इचारा. बाजारभावानं त्यानं घ्यावं. नाही घेतलं तर दुसऱ्याले."

हे मला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

मसुद्यावर आम्ही तीन दिवस बसलो. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, आपल्याच गावच्या पोरींसाठी. मी विचारलं, एखाद्या साली गावातली एकही पोरगी विद्यापीठात नसली तर? बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, आधी गावची, नाही तर तालुक्याची, नाही तर जळगाव, धुळे, नंदुरबारातली कुठलीही. जात घालायची का, हेही मी विचारलं, कारण लोक घालतात. "भुकेले काय जात राह्यते?" म्हणाल्या. मूळ रक्कम ठेवीत, व्याजातून वसतिगृहातल्या मुलींच्या मेसचं बिल, असं ठरलं. देणगी घ्यायची की नाही हे व्यवस्थापन परिषदेच्या हातात असतं, म्हणून मसुदा पक्का करण्याआधी मी विद्यापीठाकडे लेखी विचारणा केली. नावही पूर्ण घातलं: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. 1990 मध्ये ते नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये लागलं. जुन्या कागदांत जुनंच नाव सापडतं.

एवढी काळजी उगाच नाही. वकिलीच्या सुरुवातीला एका निवृत्त मास्तरांचं मृत्युपत्र माझ्याकडे आलं होतं, त्यांच्या निधनानंतर. वहीच्या पानावर, सुंदर अक्षरात, 'माझी शिल्लक कॉलेजला'. कोणतं कॉलेज ते नाही, आणि साक्षीदार एकच. कायद्याला दोन लागतात. पैसे भाच्यांत वाटले गेले आणि मास्तरांची इच्छा त्या पानावरच राहिली. ते पान मला अजून दिसतं. म्हणून आजींसाठी दोन्ही साक्षीदार मी तरुण निवडले: त्यांना तपासून दाखला देणारे गावचे डॉक्टर, आणि एक प्राथमिक शिक्षक. पुढे कधी वाद झाला तर निदान एक तरी साक्षीदार कोर्टात उभा राहायला हवा.

मृत्युपत्र गुप्त ठेवा, असं पुष्कळ वकील सांगतात. इथे मला ते पटलं नाही. कागद होईपर्यंत पुतण्याला दाराबाहेर ठेवणं बरोबरच होतं, उद्या कुणी दबावाचं नाव काढू नये. पण आजी गेल्यावर त्याला तो कागद पहिल्यांदा दिसला असता, तर तो कोर्टाची पायरी चढलाच असता. आजींना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी त्याला आत बोलावून सगळं वाचून दाखवलं. तो जमिनीकडे बघत राहिला. त्याला राग आलाय हे दिसत होतं, आणि मला तो रास्तच वाटला. नऊ वर्षांचा घाम होता त्यात. शेवटी आजींकडे न बघता त्यानं मला विचारलं, "हप्त्यानं चालेल का?"

ते कलम आम्ही तिथंच घातलं. तीन वर्षांत, सहा हप्त्यांत.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. तरी आम्ही दुय्यम निबंधकांकडे गेलो. सह्या झाल्या, फोटो झाला, आणि यंत्र आजींचा अंगठा घेईना. जन्मभर केळीच्या चिकानं बोटं काळी पडलेली, रेषा झिजलेल्या. एकदा पदरानं पुसला, दोनदा पुसला. तेव्हा मागे उभा असलेला पुतण्या पुढे आला, बाटलीतलं पाणी आपल्या रुमालावर ओतलं आणि आजींचा अंगठा हातात धरून सावकाश चोळू लागला. चौथ्या वेळी यंत्रानं घेतला.

पायऱ्या उतरताना आजी थांबल्या. "बाई, आता मेसचं बिल किती येते महिन्याले? त्या नाशिकच्या पोरीले फोन लावा बरं. औंदाच्या केळीच्या पट्टीतून एखादीचं तरी भरता आलं तर पाहू."

मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.