चुना नाही, सिमेंट नाही: यॉर्कशायरमधल्या पडक्या भिंती बांधताना

भिंतीला पोट सुटलं की ती थोड्या हिवाळ्यांची पाहुणी. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागात हिंडताना अशा भिंती आता लांबूनच ओळखू येतात. मधेच फुगवटा, माथ्यावरचे दगड तिरके झालेले, आणि थोडं पुढे गेलं की थेट भगदाड. दगड दोन्ही बाजूंना गवतात सांडलेले असतात आणि त्यावरून मेंढ्या खुशाल ये-जा करत असतात. या भगदाडाला इथे ‘गॅप’ म्हणतात. ती बुजवणाऱ्या एका स्वयंसेवी गटात मी हल्ली जातो. लीड्समधली मराठी मित्रमंडळी ‘तुम्ही तिकडे नक्की करता काय?’ असं सारखं विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात अशा कोरड्या दगडी भिंती 8,000 किलोमीटरहून जास्त आहेत. कोरड्या म्हणजे चुना, माती, सिमेंट काही नाही. नुसता दगडावर दगड. गावालगतच्या वेड्यावाकड्या भिंती जुन्या, त्यातल्या काही मध्ययुगातल्या. डोंगर सरळ रेषेत चढून जाणाऱ्या भिंती मात्र बहुतेक 18व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि 19व्याच्या सुरुवातीच्या. पार्लमेंटच्या कायद्यांनी गावांची सामाईक गायरानं तोडून खाजगी मालकीची केली, तेव्हा हद्दी आखायला त्या घातल्या गेल्या. फोटोत त्या रेषा फार देखण्या दिसतात. ज्याची एकुलती गाय त्या गायरानावर चरत होती त्याला त्या कशा दिसल्या असतील, हा विचार मला तिथे काम करतानाही अधूनमधून येतो.

मी देवगडचा. आमच्याकडे कलमांच्या बागांभोवती गडगे असतात, त्यामुळे बिनचुन्याची भिंत हे काही मला नवल नव्हतं. नवल होतं ते इथल्या शिस्तीचं. या कामाची राष्ट्रीय संघटना 1968 पासून आहे, तिच्या स्थानिक शाखा आहेत आणि परीक्षासुद्धा आहेत. सुरुवातीच्या पातळीपासून ‘मास्टर क्राफ्ट्समन’पर्यंत चार पायऱ्या, आणि परीक्षा म्हणजे ठरलेल्या वेळात भिंत उतरवून पुन्हा उभी करून दाखवायची. आमच्याकडे हेच काम करणाऱ्या गड्याला परीक्षा सोडा, कधी कुणी नाव विचारत नाही.

गटात शिरणं सोपं आहे. एक फॉर्म भरायचा: पाठीचं काही दुखणं आहे का, काही झालं तर कुणाला फोन करायचा वगैरे. विमा गटाचा असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं असं सांगतात. पुढे लोखंडी टोकाचे बूट आले, आणि यात तडजोड नाही. पायावर दगड पडतोच, प्रश्न फक्त कधी एवढाच. हातोडे, पहारी, दोऱ्या, बादल्या गटाकडे असतात. लीड्सहून स्किप्टनपर्यंत ट्रेन, तिथून कुणाच्या तरी गाडीत बसून वर. आमच्या गटाचे म्होरके आयुष्यभर हाच धंदा केलेले एक गृहस्थ आहेत. मी त्यांना मनातल्या मनात मुकादम म्हणतो, आणि या लेखातही तेच म्हणेन.

भिंत बांधायची तर आधी ती उतरवावी लागते, हे नवख्यांना पचत नाही. भगदाड आहे तेवढंच भरून चालत नाही. दोन्ही कडांना जिथपर्यंत भिंत सैल झाली आहे तिथपर्यंत ती काढायची, आणि शाबूत भागाची कड पायऱ्या-पायऱ्यांची ठेवायची, म्हणजे नवं काम जुन्यात गुंतवता येतं. उतरवण्यालाही क्रम आहे. माथ्यावरचे कोपिंगचे दगड सर्वांत लांब, एका ओळीत, कारण ते शेवटी लागणार. पायाचे मोठे धोंडे भिंतीच्या अगदी जवळ. मधल्या आकाराचे मधे पसरायचे, तोंडं वर करून, म्हणजे शोधताना एका नजरेत दिसतात. बारीक खडी बादल्यांत. आणि भिंतीलगत चालायला पाऊलवाट मोकळी. या रचनेत आळस केला तर दिवसभर गवतातून दगड हुडकत बसावं लागतं. एक मीटर भिंतीत टनाहून जास्त दगड असतो, आणि त्यातला प्रत्येक दगड निदान दोनदा हातातून जातो. हे काम वाकून करायचं आहे, हेही लक्षात असू द्या.

दगडांच्या फटीत मी अजूनही आधी हात घालत नाही, आधी काठीने किंवा हातोड्याच्या दांड्याने खुडबुडतो. इथे फुरसं नाही हे बुद्धीला कळतं, पण लहानपणी गडग्यावर हात ठेवला की ओरडा बसायचा, ते हाताला आठवतं. गटातले लोक हसत नाहीत, कारण त्यांनाही बघूनच हात घालायचा असतो, फक्त कारण वेगळं. वसंतात फटींत पक्ष्यांची घरटी असतात. घरटं दिसलं की तेवढी भिंत सोडून पुढे सरकायचं.

पाया उघडा पडला की कळतं भिंत का पडली होती. आमच्या एका भगदाडात पायाचा धोंडा नुसत्या मातीवर बसवलेला होता, खाली ओल, आणि दरवर्षीच्या थंडीत ती ओल गोठून फुगून त्याला हळूहळू बाहेर ढकलत होती. कुठे झाडाची मुळं असतात, कुठे भिंतीवरून उड्या मारणारे पदयात्री. वरची काळी माती काढून घट्ट जमिनीपर्यंत खणायचं आणि मोठे धोंडे पक्के बसवायचे. हलला तर पहार लावून परत काढायचा. खाली थोडं हलतं ते वर बरंच हलतं.

इथून पुढे ही एक भिंत नसते, दोन असतात. दोन्ही बाजूंना एकेक तोंड, मधे पोकळी, आणि दोन्ही तोंडं वर जाताना एकमेकांकडे कलत जातात. खाली साधारण 70 सेंटीमीटर रुंदी, माथ्याशी 40च्या आसपास. हा उतार नजरेने सांभाळायचा नसतो. दोन्ही कडांच्या शाबूत भिंतीत लोखंडी सळ्या खुपसून दोऱ्या ताणतात आणि थर चढेल तशा त्या वर घेतात. माणसं जोडीने काम करतात, एक अलीकडे, एक पलीकडे. माझ्या पलीकडे बहुधा एक निवृत्त भूगोल शिक्षिका असतात. वयाने माझ्या आईएवढ्या, पण मी अडीच थर लावेपर्यंत त्यांचे चार झालेले असतात.

नियम थोडेच. दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी, तोंडाला समांतर नाही. लांब दगड आडवा लावला की तोंड झटपट भरतं आणि छान दिसतं, पण त्याला आतून धरून ठेवणारं काही उरत नाही. सांधमोड झालीच पाहिजे: एका दगडावर दोन, दोनांवर एक. खालचा सांधा वर सलग चढला की तिथून भिंत उघडणार. आणि हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. हा नियम मुकादमांचा आवडता.

“उचललास ना? मग त्याला जागा शोध. प्रत्येक दगडाची कुठेतरी जागा असते.”

“हा गोलच आहे सगळीकडून.”

“मग तुझ्या आधी ज्यानं लावला होता त्यानंही हेच म्हटलं असणार. फिरवून बघ.”

इथला चुनखडक खरंच तापदायक आहे. दक्षिणेला इल्कलीच्या बाजूला जो वाळूचा खडक मिळतो तो हातोड्याने सरळ फुटतो, त्याला चौकोनी तोंड देता येतं. डेल्सचा चुनखडक मनाला येईल तिथे फुटतो, म्हणून आहे तसाच बसवावा लागतो. पण त्याचं एक बरं आहे. फिरवून फिरवून बघताना कधी त्याच्या अंगावर बारीक चकत्यांच्या माळा दिसतात, शर्टाच्या बटणांएवढ्या, मधे भोक असलेल्या. त्या समुद्री लिली नावाच्या प्राण्याच्या देठांच्या, जीवाश्म झालेल्या आहेत. हा सगळा प्रदेश सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राचा तळ होता. बाईंनी हे मला दगडावर बोट ठेवून शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर तो दगड चकत्यांची बाजू आत करून लावून टाकला. तोंड तसंच नीट बसत होतं.

आता भरणीविषयी, कारण या कामात सगळ्यात कंटाळवाणं तेच आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही तेच. दोन तोंडांच्या मधली पोकळी बारीक दगडांनी भरायची असते. नव्याला वाटतं, बादली उपडी केली की झालं. तसं करायचं नाही. एकेक तुकडा हाताने, कैरीच्या फोडी बरणीत दाबून भराव्या तसा, आजूबाजूच्या दगडांच्या शेपटांखाली, म्हणजे आतल्या टोकांखाली, नेऊन घट्ट बसवायचा. प्रत्येक थराला भरणी त्या थराच्या उंचीला आली पाहिजे, मगच पुढचा थर. मातीला तर अजिबात मज्जाव. माती वाहून जाते किंवा गोठून फुगते. दगड डुगडुगत असेल तर त्याखाली चीप आतून सारायची, बाहेरून ठोकून नाही, कारण बाहेरची चीप दोन हिवाळ्यांत निसटते. वाईट भरणी दिसत नाही. बाहेरून भिंत झकास दिसते, फोटोही चांगला येतो, आणि दहा-वीस वर्षांनी तिला पोट सुटतं. पूर्वी मापावर मजुरी मिळायची, तेव्हा भरणीत चुकारपणा करण्याचा मोह सगळ्यांनाच होत असणार. आम्ही उतरवलेल्या एका तुकड्यात आत मातीच्या चिलमीची नळी सापडली आणि तिच्याभोवती भरणी म्हणून नुसता चिखल होता. मुकादम जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. व्हिडिओवर सगळी भिंत दाखवली. तिने शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाली, “थंय फुकट गोऱ्यांचे गडगे घालतस, आणि हय आपलो गडगो दोन पावसाळे पडलेलो आसा, तेका गडी गावत नाय.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिचा ‘फुकट’ हा शब्द मात्र गटातही वादाचा आहे. पोटासाठी हे काम करणारे कारागीर आहेत आणि ते भिंतीच्या मीटरमागे पैसे घेतात. आपण फुकट जाऊन त्यांच्या पोटावर पाय देतोय का? आमच्या गटाचा दंडक असा, की लोकांच्या पायवाटेलगतच्या किंवा सार्वजनिक जागेतल्या भिंती घ्यायच्या, आणि शेतकऱ्याला एरवी पैसे देऊन करून घेता येईल असं काम घ्यायचं नाही. रेषा पुसट आहे, पण आखलेली आहे हे बरं.

गुडघ्याच्या वर, साधारण 60 सेंटीमीटरवर, ‘थ्रू’ येतात: भिंतीच्या आरपार जाणारे लांब, चपटे दगड, सुमारे मीटर-मीटर अंतराने. दोन्ही तोंडांना ते बांधून ठेवतात. एक थ्रू उचलायला दोघं लागतात, कधी तिघं. तो बसला की भिंत गप्प होते. त्याआधी टेकलं तर कुठेतरी कुरकुर ऐकू यायची, ती बंद. एका भिंतीत मेंढ्यांसाठी ठेवलेलं जुनं भोक होतं, खालच्या बाजूला, वर आडवा दगड. मेंढी जाते, गाय अडते. ते भोक पुन्हा जसंच्या तसं करायला आम्हाला बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त वेळ लागला. गुळगुळीत झालेल्या त्या कडांवर अजून लोकर अडकलेली होती.

शेवटी कोपिंग. माथ्यावर उभे दगड एकमेकांना खेटून लावायचे, शेवटचा हातोड्याने ठोकून घट्ट. कोपिंगचं वजन खालच्या सगळ्यांना दाबून धरतं. सगळं झाल्यावर भिंतीची उंची छातीच्या खाली येते, आणि नव्या-जुन्याची सीमा फक्त शेवाळावरून ओळखू येते: आमच्या दगडांची शेवाळी बाजू कुठे आत गेली, कुठे वर आली.

2018 साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली, युरोपातल्या आठ देशांच्या नावावर. ब्रिटन त्यात नव्हतं, कारण युनेस्कोच्या या वारशाविषयीच्या करारावर ब्रिटनने तोवर शिक्कामोर्तबच केलं नव्हतं. ते 2024 मध्ये झालं. मुकादमांना ही बातमी सांगितली तेव्हा ते दोरी वर घेत होते. “बरं,” म्हणाले.

‘दगडात मन रमतं, ताण जातो’ असं काही या कामाबद्दल लिहिलेलं वाचाल. माझा अनुभव असा की पहिल्या वेळी कंबर जाते, बोटांची टोकं सोलवटतात, आणि सोमवारी कीबोर्डवर टाइप करणं जड जातं. चुनखडकाची धार हातमोजेही खाते. ताण जातो की नाही ठाऊक नाही. डोक्यात दुसरं काही घुसायला जागा नसते एवढं खरं. गटात तिशीतले दोघं-तिघं, बाकी सगळे साठीपुढचे, आणि थकून बसतात ते बहुधा तिशीतले.

यायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. वसंतात मेंढ्या विण्याच्या दिवसांत शेतकरी शिवारात माणसं नको म्हणतात, आणि कडक थंडीत दगड एकमेकांना गोठून चिकटतात. पाऊस असला तरी काम असतं, तेव्हा रेनकोट चांगला घ्या. डबा घरून न्या, कारण जवळपास दुकान नसतं. पोळी थंडीत वातड होते. मी थर्मासमध्ये मऊ खिचडी नेतो, वर तुपाची धार, आणि भूगोलाच्या बाई साडेबारापासूनच तिची चौकशी करायला लागतात.